चालू पूर्ण वर्तमानकाळ

५ जून

प्रिय वन्सं,

पाकीट जाड दिसतंय म्हणून घाबरू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. एरवी मी वर्षातून एकदा खुशालीच्या चार ओळी पाठवते आणि तुम्हीही चारच ओळींत उत्तर देता. या वेळी मात्र माझं काम अडलंय.

मी डोळ्यांच्या इस्पितळात चादरींच्या खोलीत आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या वर्षी आमची धुलाई बाहेर द्यायचं ठरलंय, म्हणजे आमच्या खोलीला कुलूप. चौकशीच्या खिडकीवर एक जागा निघाली, मी अर्ज टाकला. लांबलांबचे रुग्ण येतात म्हणून मुलाखत इंग्रजीत. समोर मोठे डॉक्टर, मेट्रनबाई आणि कार्यालयातले एक साहेब. डॉक्टरांनी विचारलं, इथे किती वर्षं काम करताय. प्रश्न मला कळला हो. मी ताठ बसून सांगितलं, "आय वर्क्ड हिअर इलेव्हन इयर्स." त्यावर ते म्हणाले, "व्हेन डिड यू लीव्ह?" मला वाटलं, रजा कधी घेतली ते विचारतायत. म्हटलं, "लास्ट ट्युजडे, हाफ डे." तिघं एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी विचारलं, मग आता काय करता? मी म्हटलं, "नाऊ आय ॲम सिटिंग."

नंतर मेट्रनबाई मुद्दाम आमच्या खोलीत आल्या. माझ्या वाक्याचा अर्थ अकरा वर्षं काम केलं आणि सोडलं असा होतो म्हणाल्या. मी अगदी पाणी-पाणी झाले. रोज समोर दिसणाऱ्या बाईला विचारतायत, कधी सोडून गेलात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मुलाखती आहेत, तेव्हा या, असं त्या सांगून गेल्या.

तुम्ही एवढ्या लोकांना इंग्रजी शिकवता, मलाही शिकवा. तुमचं आणि यांचं जे आहे ते आहे, त्याचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नका.

तुमची,
वहिनी

१३ जून

प्रिय वहिनी,

तुझं "हाफ डे" वाचून मी वर्गाबाहेर जाऊन हसले. माझा वर्ग शिंप्याच्या दुकानावर भरतो, खाली मशीन चालू असलं की मला ओरडून शिकवावं लागतं. त्या दिवशी शिंपीदादाच मशीन थांबवून विचारायला वर आले, काय झालं म्हणून.

शिकवीन. पण पत्रातूनच. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि तुमच्याकडे फोन कोण उचलेल याचा भरवसा नाही. आणखी एक अट आहे, ती आधीच सांगते. दादाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. त्याच्या सुतारकामाच्या दुकानात पॉलिश करायला थांबले नाही, शिकवायला इथे आले, एवढाच माझा गुन्हा. "तू गेलीस की माझ्या लेखी गेलीसच," असं तो म्हणाला होता, तुझ्यासमोर. सात वर्षं झाली. मी स्वतःहून बोलणार नाही आणि त्याच्या स्वभावात बसत नाही. त्यामुळे तो विषय बंद.

आता तुझं वाक्य. आपण मराठीत म्हणतो, अकरा वर्षं काम करतेय. झालं, मराठीला एवढं पुरतं. इंग्रजीचं एवढ्यावर भागत नाही. तिला "हॅव" लागतं, "बीन" लागतं आणि शिवाय क्रियापदाला "इंग" लागतं. आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर इलेव्हन इयर्स. आपल्याकडे "करत आलेय" म्हणतात ना, ते याच्या सगळ्यात जवळचं. तेव्हा सुरू झालं आणि आत्तापर्यंत येत राहिलं. "वर्क्ड" म्हणालीस की दार लावून घेतल्यासारखं होतं.

याचं पुस्तकातलं नाव चालू पूर्ण वर्तमानकाळ. घरात जे खरोखर चाललंय त्याची वाक्यं करून पाठव. खरीच हवीत. पुस्तकातली उतरवलीस तर मला लगेच कळेल.

तुझी,
नणंद

२६ जून

प्रिय वन्सं,

चालू आहे तर पूर्ण कसा, आणि पूर्ण आहे तर चालू कसा? नावावरूनच हा काळ जरा चालू वाटतो. पण शिकते.

तुमची अट मान्य. मी तर त्यांना "अहो" म्हणते, नाव न घेता संसार करायची सवय आहेच. पण घरात माणसं दोन, आणि वाक्यं घरातली खरीच हवीत. मग मी काय करू ते तुम्हीच सांगा. मी "समबडी" लिहिलंय. समबडी म्हणजे कोणीतरी. कोण ते मी लिहिलेलं नाही, म्हणजे अट मोडली नाही.

दि टॅप हॅज बीन लीकिंग फॉर टू वीक्स.

समबडी हॅज बीन सेइंग "टुमारो, टुमारो" फॉर टू वीक्स.

आय हॅव बीन फोल्डिंग बेडशीट्स सिन्स इलेव्हन इयर्स.

समबडी हॅज बीन कफिंग.

आय हॅव बीन टेलिंग समबडी टू सी अ डॉक्टर, बट समबडी हॅज बीन मेकिंग अ फेस.

बघा, जमतंय का. चादरींच्या घड्या घालताना मी मोठ्याने म्हणते तर शेजारच्या बाईला वाटतं, मी जप करते.

तुमची,
वहिनी

६ जुलै

प्रिय वहिनी,

चांगली वाक्यं आहेत. "सिन्स इलेव्हन इयर्स" लाल शाईने कापलंय. किती काळ ते सांगायचं तर "फॉर", कधीपासून ते सांगायचं तर "सिन्स". ही चूक माझा सगळा वर्ग करतो, तू करू नकोस. दुसऱ्या वाक्यातल्या इसमाला सांग, नळाचं वायसर बदलायला मुहूर्त लागत नाही. चौथ्या वाक्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पाचव्यातला सल्ला योग्य आहे.

याच काळाचा दुसरा उपयोगही शिकून घे. काम थांबलेलं असतं, पण त्याची खूण मागे उरते, तेव्हाही हाच काळ. तू दार उघडलंस, तुझे डोळे लाल. मी म्हणणार, यू हॅव बीन क्राइंग. रडणं संपलंय, डोळे सांगतायत. घरात फिर, खुणा बघ आणि त्यावरून वाक्यं कर. खिडकीवर बसशील तेव्हा लोकांच्या तोंडाकडे बघूनच अर्धं ओळखावं लागेल, त्याचीही तयारी होईल.

तुझी,
नणंद

२१ जुलै

प्रिय वन्सं,

हा धडा मला फार आवडला. आता मी पोलीस झालेय.

देअर इज सॉडस्ट इन माय टी. समबडी हॅज बीन वर्किंग ऑन संडे.

देअर आर पेन्सिल मार्क्स इन माय डिक्शनरी. समबडी हॅज बीन रीडिंग इट.

युअर लेटर वॉज इन द ड्रॉवर. नाऊ इट इज अंडर द रेडिओ. समबडी हॅज बीन रीडिंग इट ऑल्सो.

समबडी हॅज बीन ड्रिंकिंग मॉर्निंग अँड नाइट फॉर टू वीक्स. द बॉटल इज ऑलमोस्ट एम्प्टी.

नळ दुरुस्त झाला. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी. मी एक अक्षर बोलले नव्हते.

तुमची,
वहिनी

२५ जुलै

वहिनी,

हे काय लिहिलंयस? दादा कधीपासून पितो? सकाळीसुद्धा? बाबा गेले तेव्हा सगळा गाव त्याला थोडी घे म्हणत होता, तरी त्याने थेंबाला हात लावला नव्हता. करवत चालवणारा माणूस आहे तो. बोटं जातील एखाद्या दिवशी. आणि तू हे असं व्याकरणाच्या वाक्यात घालून पाठवतेस? तू त्याला धारेवर का धरत नाहीस? काय झालंय त्याला? धंदा बसला का? माझ्यामुळे काही आहे का?

उलट टपाली कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

नणंद

३० जुलै

प्रिय वन्सं,

पाणी प्या आणि मग वाचा. खोकल्याचं औषध पितात हो ते. डॉक्टरांनी दिलंय, तपकिरी बाटली, दोन वेळा दोन चमचे, कडूजहर. मी वाक्यात "औषध" घालायला विसरले. इंग्रजीत नुसतं पिणं म्हणजे दारूच, हे मला काय ठाऊक. आपल्याकडे माणूस पाणी पितो, दूध पितो, वेळ आली तर राग गिळतो.

डॉक्टर म्हणतात, छातीत विशेष काही नाही, लाकडाचा भुसा जातोय. तोंडाला फडकं बांधून रंधा मारा म्हणून सांगितलंय. आता बांधतात. दुकानात गिऱ्हाईक आलं की दरोडेखोर दिसतो म्हणून आधी सोडतात, पण खोकला निम्म्यावर आलाय.

आता खरी गोष्ट सांगते. तुमचं पत्र पोस्टमनने दुकानात दिलं. पाकिटावर माझं नाव होतं, तरी त्यांनी फोडलं. मी घरी आले तेव्हा स्टुलावर बसले होते, पत्र मांडीवर. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. आधी विचारलं, मी दारू पितो असं तू तिला कळवलंस? मी सगळं समजावलं. जेवताना म्हणाले, "तिला काळजी वाटली?" मी म्हटलं, वाचलंत ना. भात कालवता कालवता पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

बाकी अट मी मोडलेली नाही. तुमच्या पत्रात दादा हा शब्द आलाय, माझ्या नाही.

तुमची,
वहिनी

१० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मी घाबरले होते, म्हणून लिहून गेले. त्याचा जास्त अर्थ लावू नकोस, आणि कोणाला लावू देऊ नकोस. अट कायम आहे.

फडकं दुहेरी बांधायला सांग. एकेरीतून भुसा जातो.

मुलाखतीला तीन महिने उरले. आता स्वतःबद्दल वाक्यं कर. तिथे तुला समबडीबद्दल कोणी विचारणार नाही.

तुझी,
नणंद

१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

या खेपेला कामाची गर्दी आहे, नुसती वाक्यंच पाठवते. फडकं दुहेरी झालं.

आय हॅव बीन स्टँडिंग ऑल डे. माय लेग्ज आर पेनिंग.

आय हॅव बीन लर्निंग इंग्लिश सिन्स जून.

द ड्रॉवर हॅज बीन स्टिकिंग. आय हॅव बीन रबिंग अ कँडल ऑन इट.

आय हॅव बीन कीपिंग युअर ब्रश इन ऑइल. इट इज स्टिल सॉफ्ट.

तुमची,
वहिनी

९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

पहिलं वाक्य: लेग्ज पेनिंग नाही, लेग्ज आर एकिंग. दुसरं बरोबर.

तिसरं आणि चौथं मी पुन्हा पुन्हा वाचलं. लाल शाईला तिथे काही काम नाही, दोन्ही निर्दोष आहेत. पण वहिनी, अडकलेल्या खणाच्या कडेला मेणबत्ती घासायची ही बाबांची युक्ती. तू आयुष्यात कधी खणाला हात लावलेला नाहीस, अडकला की तू लाथ मारतेस. आणि माझा पॉलिशचा ब्रश मी दुकानातच टाकून आले होते. तो तेलात कोण ठेवतंय?

ही वाक्यं कोणाची आहेत ते मला सरळ सांग.

नणंद

१७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

माझ्या पत्राला उत्तर नाही. मी रागावलेले नाही, फक्त विचारलं होतं. मुलाखत तोंडावर आली आणि तुझा अभ्यास बंद, हे मला शिक्षिका म्हणून पसंत नाही.

एवढंच कारण असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. वर्ग सुटला की मी रोज खाली उतरून टपालाची पेटी बघते. शिंपीदादांनी आता विचारायचंही सोडून दिलंय, मला बघितलं की नुसती मान हलवतात. ब्रश खरंच अजून मऊ आहे?

तुझी,
नणंद

२२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

आधी पेढ्याची बातमी, पेढा आल्यावर. खिडकी मिळाली. एक जानेवारीपासून, तीन महिने बघणार आणि मग कायम.

तेच तिघं होते. डॉक्टरांनी मला ओळखलं, ओठ दाबून बसले होते. प्रश्नही तोच. मी घडाघडा म्हटलं, "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर इलेव्हन इयर्स, अँड आय ॲम स्टिल हिअर." शेवटचे चार शब्द तुमच्या धड्यात नव्हते, आतून आले. मेट्रनबाई टेबलाखाली हात चोळत होत्या, बहुतेक त्यांनाच जास्त धाकधूक होती. मग साहेबांनी विचारलं, तुम्हाला कोण शिकवतंय? म्हटलं, "माय सिस्टर-इन-लॉ हॅज बीन टीचिंग मी. बाय पोस्ट." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. बाहेर आले तेव्हा छान वाटत होतं. वन्सं, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही समोर असतात तर पाया पडले असते, लहान असलात तरी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इतके दिवस दिलं नाही, कारण मला तोंड उघडायची बंदी होती. ऑगस्टपासून तुमचा अभ्यास घरात दोघं करतात. मी इस्पितळातून येईपर्यंत तुमचं पत्र त्यांचं वाचून झालेलं असतं, शब्दकोशात खुणा झालेल्या असतात. माझी वाक्यं मला पाठ म्हणायला लावतात. रंधा मारता मारता "हॅव बीन" म्हण म्हणतात आणि मी चुकले की रंधा थांबतो. खणाचं आणि ब्रशचं वाक्य त्यांचंच. तुम्ही ओळखलंत म्हटल्यावर घाबरले. मुलाखत होईपर्यंत कळवू नकोस, रागावून तुझं शिकवणं सोडलं तर, म्हणाले. माझ्या नोकरीची एवढी काळजी असेल असं मला वाटलं नव्हतं. ती नोकरीची नव्हतीच म्हणा.

मी म्हटलं, आता माझं काम झालं, तुमचं तुम्ही लिहा. तीन दिवस लाकडाच्या तुकड्यांवर लिहून रंधा मारून पुसत होते. शेवटी काल कागदावर उतरवलं. सोबत जोडलंय. मी त्यातली चूक दाखवली, पण माझं ऐकत नाहीत. तीच सांगेल, म्हणतात.

तुमची,
वहिनी

(सोबतचा कागद, पेन्सिलीने लिहिलेला)

चि. बारकीस आशीर्वाद.

ब्रश मऊ आहे. तुझी वहिनी पास झाली ते चांगलं झालं. तू चांगलं शिकवतेस. मी दुकानात बसून सगळे धडे वाचले. ते तुला इथे राहून शिकवता आले नसते, हे मला पटलंय. त्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

एक वाक्य केलंय. तपासून पाठव.

आय हॅव बीन ब्रदरिंग यू फॉर थर्टी-फोर इयर्स.

तुझी वहिनी म्हणते असा शब्द नाही. पण मला दुसरा सापडत नाही. ब्रदरला इंग कसं लावायचं? दुसरं असं, की तुझं वय चौतीस, म्हणून चौतीस लिहिलं. त्यातून मधली सात वर्षं वजा करायची का, ते कळव. तू सांगशील तसं करेन.

दादा

२८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं वाक्य तपासलं. वर्गात बसून तपासत होते, मुलांना लिहायला दिलं होतं. एका मुलीने विचारलं, बाई, यू हॅव बीन क्राइंग? मी तिला पूर्ण गुण दिले.

"ब्रदरिंग" असा शब्द नाही, वहिनीचं बरोबर आहे. त्याच्या जवळचा एक आहे, "बॉदरिंग". त्याचा अर्थ छळणं. माझी वेणी खुर्चीला बांधायचास तिथपासून धरलं तर तेही वाक्य तुझ्या तोंडी शोभेल. पण तुला जे म्हणायचंय ते इंग्रजीत असं लिहितात:

आय हॅव बीन युअर ब्रदर फॉर थर्टी-फोर इयर्स.

यात इंग कुठे गेलं म्हणून शोधू नकोस. आपण जे करतो त्याला इंग लागतं. रंधा मारणं, शिकवणं, खोकणं, वाट बघणं. जे आपण असतोच, त्याला ते लागत नाही. भाऊ असणं हे दुसऱ्या प्रकारात येतं. मी सात वर्षं हे व्याकरण शिकवतेय आणि हा नियम मला परवापर्यंत रुक्ष वाटत होता. बोलायला मीही येऊ शकले असते, दादा. मी आले नाही.

वहिनीला सांग, खिडकीवर पहिल्या दिवशी निळी साडी नेस, ती तिला खुलून दिसते. मी शनिवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, धुळीत तुला खोकला होईल. मी रिक्षाने आधी दुकानात येईन. फडकं बांधलेलं असू दे, मी तोंड ओळखते.

आणि वजाबाकी करू नकोस. पूर्ण चौतीस लिही.

तुझी,
बारकी